वाचक विचारतात : रॅट पेडलची चिप आणि उलटा नॉब

प्रश्न : माझ्या गिटारच्या रॅट 2 डिस्टॉर्शन (आवाज मुद्दाम फाडणाऱ्या) पेडलमध्ये ओपी07 चिप आहे. जुन्या रॅटमधली एलएम308 बसवली तर आवाज खरंच सुधारेल का? ऑनलाइन ती बरीच महाग मिळते. (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : महागडी चिप घेऊ नका. का, ते समजायला थोडं मागे जावं लागेल.

गिब्सननं 1962 मध्ये आणलेल्या मेस्ट्रो एफझेड-1 या फझ पेडलमध्ये (आवाज खरखरीत करणाऱ्या) जर्मेनियम ट्रान्झिस्टर होते. उकाडा वाढला की अशा पेडलचा आवाज बिघडायचा. पुढे ऑप-अँप, म्हणजे सिग्नल मोठा करणाऱ्या चिपा स्वस्त झाल्या आणि सगळा गेन (सिग्नलची वाढ) एकाच चिपमधून काढता येऊ लागला. 1978 मध्ये मिशिगनमधल्या कलामाझू इथे प्रो को कंपनीच्या स्कॉट बर्नहॅम यांनी रॅट तयार केलं, ते याच पद्धतीचं. त्यात त्यांनी एलएम308 वापरली.

ही चिप संथ आहे. तिचं आउटपुट एका मायक्रोसेकंदात साधारण 0.3 व्होल्टच हलतं. टीएल071 या दुसऱ्या, वेगवान ऑप-अँपचं 13 व्होल्ट हलतं. म्हणजे 7 व्होल्ट चढायला एलएम308 ला सुमारे 23 मायक्रोसेकंद लागतात, टीएल071 ला जेमतेम अर्धा. त्यामुळे फाटलेल्या सिग्नलच्या चौकोनी लाटेच्या कडा तिरक्या होतात आणि वरचा कर्कशपणा झडतो. रॅटचा तो जाड, दाणेदार आवाज बऱ्याच अंशी इथून येतो. सर्किट मात्र गेन भरपूर मागतं. 560 ओहमचा रेझिस्टर आणि 4.7 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ही जोडी 60 हर्ट्‌झच्या वर सुमारे 180 पट गेन देते. 47 ओहम आणि 2.2 मायक्रोफॅरडची जोडी 1500 हर्ट्‌झच्या वर तो कागदावर 2300 पटींपर्यंत नेते. संथ चिपला हे झेपत नाही, आणि ते झेपत नाही म्हणूनच रॅट कानाला सुसह्य वाटतं!

आता तुमच्या ओपी07 चा वेगही मायक्रोसेकंदाला साधारण 0.3 व्होल्टच आहे. बँडमध्ये वाजवताना दोन्हींतला फरक ओळखणं फार कठीण. शिवाय एलएम308 चं उत्पादन थांबलेलं असल्यानं नाव बदललेल्या चिपा सर्रास विकल्या जातात.

तरी करायचंच असेल तर जुनी चिप काढून आठ पायांचं सॉकेट सोल्डर करा. चिपची खाच मूळ चिपच्याच दिशेला ठेवा. पाय 2, 3, 4, 6 आणि 7 दोन्ही चिपांत सारखेच. पण एलएम308 ला पाय 1 आणि 8 मध्ये 30 पिकोफॅरडचा कपॅसिटर लागतोच. बोर्डवर तो आहे का, आधी पाहा. नसेल तर गेन कमी करताच चिप शीळ घालू लागते किंवा आवाज विचित्र फाटतो. नकली चिप ओळखायलाही हाच उपाय चालतो : कपॅसिटरचा एक पाय मोकळा करा, डिस्टॉर्शनचा नॉब पूर्ण कमी करून वाजवा. काहीच बदललं नाही, तर ती एलएम308 नाही.

खरा बदल हवा असेल तर डायोडना हात घाला. चिपनंतर 1 किलोओहमचा रेझिस्टर आणि ग्राउंडकडे जाणारे दोन 1एन914 डायोड असतात; ते सिग्नल 0.6 व्होल्टच्या आसपास कापतात. त्यांच्या जागी दोन लाल एलईडी लावा, एक सुलट आणि एक उलट. कापण्याची पातळी 1.7 व्होल्टच्या आसपास जाते, सिग्नल अडीच-तीन पट मोठा होतो आणि आवाज कमी दबलेला येतो. टर्बो रॅटमध्ये हेच केलेलं आहे. दोन्ही एलईडी एकाच दिशेला लागले तर लाटेची एकच बाजू कापली जाईल. सोल्डर करण्यापूर्वी मल्टिमीटरनं तपासा.

प्रश्न : माझ्या रॅटचा फिल्टरचा नॉब वाढवला की आवाज बसतो. पेडल खराब आहे का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : नाही, तो नॉब तसाच आहे. तो 100 किलोओहमचा, त्याच्यासोबत 1.5 किलोओहमचा रेझिस्टर आणि 3.3 नॅनोफॅरडचा कपॅसिटर. डावीकडे पूर्ण फिरवला तर कटऑफ (ज्याच्या वरचे सूर फिल्टर कापतो ती मर्यादा) 32 किलोहर्ट्‌झवर, म्हणजे फिल्टर नसल्यासारखाच. उजवीकडे पूर्ण फिरवला तर 475 हर्ट्‌झच्या आसपास. डावीकडून सुरू करा, कर्कशपणा टोचेनासा होईपर्यंतच उजवीकडे न्या. ही जुळवणी बँडच्या आवाजातच करा. घरी एकट्यानं गोड वाटणारी जागा ड्रम सुरू झाले की हमखास बुडते.