फॉर्मल लॉजिकचा, म्हणजे ठरलेल्या नियमांनी चालणाऱ्या तर्कशास्त्राचा, खरंच काही उपयोग आहे का, की फक्त परीक्षेपुरतं?

आहे ना, रोजचा आहे, फक्त तो मशीनच्या पोटात असतो म्हणून दिसत नाही. मी नागपूरला मिहानमध्ये सॉफ्टवेअर टेस्टिंग करतो, तिथे "उत्पन्न कमी आणि कागद पूर्ण असतील तर फॉर्म पास" ही अट रिजेक्टसाठी उलटी करताना "आणि"चं "किंवा" करायचं (म्हणजे उत्पन्न जास्त किंवा कागद अपूर्ण असतील तर रिजेक्ट) पोरं हमखास विसरतात, हा साधा डी मॉर्गनचा नियम आहे बाप्पा! हार्डवेअरमध्ये तर 1937 मध्ये क्लॉड शॅनन या अमेरिकन इंजिनिअरने रिलेच्या (विजेवर चालणाऱ्या स्विचच्या) सर्किटला बूलचं बीजगणित, म्हणजे खरं-खोटं याचं गणित, लावलं तिथूनच डिजिटल डिझाइन उभं राहिलं, अन् आज चिपचा भागाकार बरोबर येतो का हे गणिती सिद्धतेने तपासतात कारण सगळे आकडे टाकून पाहणं शक्यच नाही. फक्त एक, अट पाळली गेली का एवढंच लॉजिक सांगतं, मुळात अटच चुकीची लिहिली असेल तर ते काही बोलणार नाही.