साइन ६१° चं अंदाजे उत्तर १.३६६ येतंय, काय चुकतंय?
फॉर्म्युला बरोबरच आहे रे तुझा, साइन ६० अधिक छोटा बदल गुणिले तिथलं डेरिव्हेटिव्ह (म्हणजे बदलाचा दर), पण बदल म्हणून तू सरळ १ टाकलास ना, तिथेच माती खाल्लीस. साइन कधी १ च्या वर जातो का? साइनचं डेरिव्हेटिव्ह कॉस येतं ते कोन रेडियनमध्ये (कोन मोजायचं दुसरं एकक) असला तरच, म्हणून १° म्हणजे ०.०१७५ रेडियन घे, कॉस ६०° = ०.५, मग ०.८६६० + ०.०१७५ × ०.५ = ०.८७४७५. खरी व्हॅल्यू ०.८७४६ आहे, आपली किंचित जास्त येते कारण आपण कर्व्हऐवजी ६०° ला त्याला टेकणाऱ्या सरळ रेषेवरून, म्हणजे स्पर्शिकेवरून जातो आणि तिथे ती कर्व्हच्या वरून जाते. बारावीला ठाणे लोकलमध्ये उभ्याने गणितं सोडवताना मीपण दहा वेळा हेच केलंय. गणितात १° = ०.०१७५ दिलेलं असतं ते उगाच नसतं!