एक सर्व्हर बसला, नऊ जण दारात

प्रश्न : आमची सोसायटी खानापुरात आहे. चौदा कॉम्प्युटर, दोन सर्व्हर. परवाच्या पावसात लाईट दिवसभर येत-जात राहिली आणि थोरला सर्व्हर बसला. धाकटा चालू आहे. बसवून देणाऱ्यानं तेव्हा सांगितलं होतं, 'हा गेला तर तो सांभाळेल.' पण सकाळी नऊ जणांना 'डोमेन उपलब्ध नाही, साइन-इन करता येत नाही' असा संदेश आला आणि पाच जण बिनबोभाट आत गेले. कॅशियर आत, शेजारच्या मॅनेजर मॅडम बाहेर. संध्याकाळी पिग्मी एजंट पैसे भरायला येऊन उभे राहिले, त्यांना काय सांगायचं? मला मोबाईल बरा कळतो म्हणून हे काम माझ्याकडे आलंय.
— एक क्लार्क, खानापूर

उत्तर : मोबाईल कळतो म्हणून सर्व्हर गळ्यात पडणं ही आपल्याकडची रीतच आहे. बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्र्यांचे कॉम्प्युटर मी सांभाळायला लागलो, तेव्हा 'याला टीव्हीचा अँटेना लावता येतो' एवढीच माझी पात्रता होती.

तुमचा धाकटा सर्व्हर बहुतेक ठणठणीत आहे. त्याच्याकडे कोणी जातच नाहीय, एवढंच.

डोमेन कंट्रोलर, म्हणजे लॉगिन तपासणारा सर्व्हर, कुठं आहे हे कॉम्प्युटरला पाठ नसतं. तो डीएनएसला, म्हणजे नावावरून पत्ता सांगणाऱ्या सेवेला, विचारतो, 'या डोमेनचे कंट्रोलर कोण कोण?' खडेबाजारात नवखा माणूस कोपऱ्यावरच्या पानपट्टीवर पत्ता विचारतो, तसं. पानपट्टीच बंद असली तर घराचं दार सताड उघडं असून काय उपयोग? लहान ऑफिसात डीएनएस थोरल्या सर्व्हरवरच असतं आणि सगळ्या मशीनमध्ये त्याचाच एक पत्ता भरलेला असतो. दुसरा पत्ता असलाच तर राउटरचा, नाहीतर गूगलचा 8.8.8.8. गूगलला सगळं जग ठाऊक असेल, तुमच्या सोसायटीतलं डोमेन ठाऊक नाही.

अडलेल्या एका मशीनवर त्या मशीनच्याच ॲडमिनिस्ट्रेटर खात्यानं आत जा, 'आयपीकॉन्फिग स्लॅश ऑल' चालवा आणि डीएनएसच्या ओळी वाचा. तिथं धाकट्याचा पत्ता नसेल तर तो घाला. त्याआधी धाकट्यावर डीएनएसची सेवा बसवलेली आणि चालू आहे ना, ते बघा. एका मशीनवर जमलं की बाकीच्या आठांवर तेच. थोरला परत आला तरी दोन्ही पत्ते राहू द्यात आणि राउटरचा काढून टाका.

मग ते पाच जण आत कसे गेले? त्यांना कोणत्याच सर्व्हरनं आत घेतलेलं नाही. त्या मशीनवर आधी बसून गेलेल्यांची ओळख विंडोज स्वतःकडे जपून ठेवतं, मूळ सेटिंगमध्ये शेवटच्या दहा जणांची. कॅशियर रोज एकाच खुर्चीत बसतो, म्हणून त्याचं निभावलं. मॅडमचं मशीन नवं असेल किंवा त्या जागा बदलून बसल्या असतील. अशा मशीनवर 'लॉगऑनसर्व्हर' बघितलं तर बंद पडलेल्या थोरल्याचंच नाव दिसतं आणि माणूस म्हणतो, 'सर्व्हर चालू आहे की!' मीही एकदा फसलोय, अर्धा दिवस केबली हलवत बसलो होतो. खरं काय ते 'एनएलटेस्ट'ला डोमेनचं नाव आणि 'फोर्स' देऊन विचारा. तो जपलेल्या उत्तरावर न थांबता नव्यानं शोधतो.

डीएनएस नीट करूनही दार उघडलं नाही, तर धाकट्यावर 'नेट शेअर' चालवा. यादीत 'सिसव्हॉल' आणि 'नेटलॉगऑन' ही दोन नावं दिसायलाच हवीत. दिसली नाहीत, तर तो नावालाच कंट्रोलर आहे. थोरल्याकडून पहिली नक्कल पुरी झाली नाही की असं होतं. वर्षानुवर्षं कुणाला पत्ता लागत नाही, कारण थोरला चालू असेतो धाकट्याची गरजच पडत नाही.

आणि घड्याळ. खानापुरात लाईटीचा असा खेळ झाला की मी सगळ्यात आधी तेच बघतो. मदरबोर्डवरचा सीआर 2032 सेल संपला असेल, तर करंट गेल्यावर तारीख कितीतरी वर्षं मागे जाते. लॉगिन तपासणारं केर्बेरॉस मूळ सेटिंगमध्ये पाच मिनिटांपर्यंतचाच फरक चालवून घेतं. डोमेनला वेळ सांगण्याचं काम थोरल्याचं, आणि तोच आडवा पडलाय. तेव्हा धाकट्याचं घड्याळ हातानं लावा. सेल किराणा दुकानातसुद्धा मिळतो.

एक मात्र करू नका. 'प्रायमरी गेला, धाकट्याला प्रायमरी करा' असा सल्ला देणारे भेटतील. तो सल्ला विंडोज एनटीच्या काळातला. तेव्हा बॅकअप कंट्रोलर लॉगिन तपासायचा, पण त्याची प्रत नुसती वाचण्यापुरती; पासवर्ड बदलायला प्रायमरीच लागायचा. विंडोज 2000 पासून साधे कंट्रोलर सगळेच लिहू शकतात, फक्त पाच खास जबाबदाऱ्या एकेकाकडे असतात. त्यातली एक अजून 'पीडीसी एम्युलेटर' या जुन्या नावानं ओळखली जाते; पीडीसी म्हणजे प्रायमरी डोमेन कंट्रोलर. थोरला दोन-चार दिवसांत दुरुस्त होणार असेल तर त्या त्याच्याकडेच राहू द्यात. त्या ओढून घेतल्या, तर जुना सर्व्हर पुसून नव्यानं बसवायच्या तयारीनंच घ्या. आमचा एक कन्नड सुपरवायझर घाईच्या वेळी म्हणायचा, 'तडी री', म्हणजे थांबा. मी ऐकलं नाही. डिस्कची सहा महिन्यांपूर्वीची इमेज, म्हणजे पुरी नक्कल, कंट्रोलरवर उतरवली. दोन सर्व्हरांचं आपसातलं बोलणं थांबलं आणि एकाच माणसाला दोन पासवर्ड झाले. तो रविवार गेला, पुढचाही गेला.

आज संध्याकाळपुरतं सांगायचं, तर कॅशियरच्या मशीनवर एजंटांची रक्कम वहीत उतरवून घ्या असं मी म्हणणार होतो. पण वहीला मशीन कशाला?

प्रश्न : हेड ऑफिस बेळगावात. तिथून पासवर्ड बदलून देतात, तो तिथं चालतो. आमच्या निपाणी शाखेत 'चुकीचा' म्हणतो. दोन-तीन तासांनी आपोआप चालतो.
— शाखेतली एक कर्मचारी, निपाणी

उत्तर : शाखेत वेगळा कंट्रोलर असणार. नवा पासवर्ड पीडीसी एम्युलेटरला लगेच कळवला जातो आणि शाखेचा कंट्रोलर 'चुकीचा' म्हणण्याआधी त्यालाच विचारतो. तो बंद असला किंवा मधली लाईन तुटलेली असली, की नेहमीच्या देवाणघेवाणीची वाट बघावी लागते. दोन ठिकाणांमध्ये मूळ सेटिंग 180 मिनिटांचं आहे. हेड ऑफिसला सांगा, पासवर्ड बदलताना आधी निपाणीचा कंट्रोलर निवडा आणि मग बदला. तीन तासांनंतरही चालला नाही, तर लॉगिनच्या पडद्यावर कोपऱ्यातलं भाषेचं चिन्ह बघा. कीबोर्ड कन्नडवर राहिलेला असेल.