जमा-पावतीवर ‘.३०३’ पडलंय? आधी ते दुरुस्त करून घ्या

आजोबांच्या मागे त्यांची बीएसए (बर्मिंगहॅमची बंदूक कंपनी) रायफल पोलिस ठाण्यात जमा केली, बोअर (नळीचा आतला व्यास, इंचात) परवान्यावर .३१५ आणि पावतीवर मात्र .३०३, हे तुमचं वाचून पोटात गोळा आला. आमच्या वडिलांच्या रायफलीचं अगदी हेच झालं होतं. वारस दाखला, भावंडांची ना-हरकत हे तुम्ही करालच. त्यावर लिहीत नाही.

ही रायफल म्हणजे ली-एन्फिल्डची, म्हणजे ब्रिटिश लष्कराच्या .३०३ रायफलीची, सख्खी बहीण. मागच्या बाजूला अडकणारा तोच बोल्ट (काडतूस नळीत सारणारा दांडा), तो पुढे ढकलताना ताणली जाणारी तीच स्प्रिंग. पण .३०३ लष्कराचा बोअर, सामान्य माणसाला मनाई. म्हणून इंग्रजी अमलात बर्मिंगहॅमच्या बीएसएने हीच यंत्रणा ऑस्ट्रियन मान्लिकरच्या ८ मि.मी. काडतुसाला बसवून शिकारीसाठी इकडे विकली. पुढे ईशापूरच्या सरकारी कारखान्यानेही तशीच काढली. नळीतला फरक जेमतेम ०.३ मि.मी. जमा करून घेणाऱ्याने रूप पाहिलं आणि ‘थ्री नॉट थ्री’ लिहून मोकळा झाला.

खरा छळ पुढे, परवान्याच्या कार्यालयात. (कोणतं ते सांगत नाही, नूतनीकरण अजून तिथेच करायचंय.) त्यांचं म्हणणं, एकतर हे शस्त्र दुसरंच आहे, नाहीतर प्रतिबंधित, आणि प्रतिबंधित असेल तर विषय दिल्लीच्या गृह मंत्रालयाचा. अहो, बोअर नळीवर कोरलाय, कपाट उघडून बघा! तर कपाट ठाण्याचं, फाइल यांची. साहेब बदलले की फाइल परत पहिल्या टेबलावर. सुटका झाली ती पोलिसांच्याच आर्मोररने (शस्त्रं तपासणारा-दुरुस्त करणारा) बोअर, नंबर आणि प्रूफचे (नळीच्या चाचणीचे) शिक्के पाहून दिलेल्या लेखी अहवालाने. तुम्ही तोच आधी मागा. तोंडी आश्वासनाला शून्य किंमत.

माझं मत विचाराल तर शस्त्र परवानाधारक विक्रेत्याकडे ठेवावं. भाडं घेतो, पण तेलाचा हात तरी फिरवतो. ठाण्यात नुसता गंज. फक्त ‘नवी करून देतो’ म्हणाला तर पॉलिश करू देऊ नका, शिक्केच घासले जातात. लाकडी दस्त्याला जवसाचं तेल पुरे. आजोबांची जुनी काडतुसं निघाली तर उडवून बघू नका, तीही रीतसर जमा करा.

मी वकील नाही, आणि जिल्ह्यागणिक रीत वेगळी. पण ज्यांच्या घरी परवानाधारक हयात आहेत त्यांनी २०१६ च्या शस्त्र नियमांतला (आर्म्स रूल्स) २५ वा नियम वाचावा: वयाची ७० वर्षं किंवा शस्त्र बाळगून २५ वर्षं, यातलं जे आधी होईल तेव्हा वारसाच्या नावाने अर्ज करता येतो. आमच्या वेळी हे त्या कार्यालयात कुणी तोंडातून काढलं नाही.