निर्यातीवरून देशाची तांत्रिक कुवत मोजताय? सुरुवात इथून करा

देश काय काय निर्यात करतो यावरून त्याची कुवत जोखणाऱ्या आर्थिक जटिलता निर्देशांकाला लगेच हात घालू नका. आधी अर्थतज्ज्ञ बेला बलासा यांचं १९६५ चं गुणोत्तर काढायला शिका. देशाच्या निर्यातीत एखाद्या वस्तूचा वाटा ४ टक्के आणि जगाच्या निर्यातीत २ टक्के, तर उत्तर २. आकडा १ च्या वर गेला की देश त्या वस्तूत सरस धरायचा. पुढचं सगळं यावरच उभं आहे.

- डेटा 'बासी'चा (BACI, देशादेशांतल्या व्यापाराचा डेटाबेस) घ्या. फुकट आहे, आणि आयातदार-निर्यातदारांचे न जुळणारे आकडे त्यात जुळवलेले असतात. रकमा हजार डॉलरमध्ये असतात, हे विसरू नका.
- सहा अंकी एचएस कोडचे (व्यापारातल्या वस्तूंच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाचे क्रमांक) पहिले चार अंक घेऊन बेरजा करा. कोड मजकूर म्हणूनच उघडा. नाहीतर एक्सेल सुरुवातीचं शून्य खातं, ०१०१२१ चं १०१२१ होतं आणि घोडे भलत्याच रकान्यात जातात.
- एचएसची आवृत्ती एकच ठेवा. २०१७ च्या आवृत्तीतला मोबाइलचा ८५१७१२ हा कोड २०२२ मध्ये गेला, स्मार्टफोनला ८५१७१३ मिळाला. सरमिसळ केलीत तर धंदा एका वर्षात बुडालेला दिसेल!

सगळ्यात मोठी चूक मात्र अर्थ लावताना होते. व्हिएतनाम भरपूर फोन निर्यात करतो, पण चिपसारखे महागडे भाग बाहेरून येतात. निर्यातीच्या आकड्यात त्यांचीही किंमत धरलेली असते. हाँगकाँगची बरीचशी निर्यात म्हणजे पुनर्निर्यात, बाहेरून आलेला माल पुन्हा बाहेर पाठवणं. उलट, हिंजवडीतून परदेशी जाणाऱ्या सॉफ्टवेअर सेवा एचएसमध्ये येतच नाहीत. त्यामुळे जटिलता निर्देशांकातला भारताचा क्रमांक बघून लगेच नाराज होऊ नका.