कॉम्प्युटर चालू होत नाहीये? आधी फाइल्स, मग दुरुस्ती

चालू न होणाऱ्या कॉम्प्युटरबद्दल इतके प्रश्न साठलेत की शेवटी एकत्रच उत्तरं देतोय. आधी एक सांगतो, मशीनला पॉवरच न येणं वेगळं, पॉवर येऊन डिस्प्ले न येणं वेगळं आणि विंडोजचा लोगो येऊन पुढे अडकणं आणखी वेगळं. नुसतं "पीसी बंद पडला, काय करू" असं लिहिलंत तर कोणीच काही सांगू शकणार नाही, नेमकं कुठपर्यंत जातो ते लिहा.

प्रश्न: "नो बूटेबल डिव्हाइस" असं येतंय. काल रात्रीपर्यंत नीट चालत होता.

पेनड्राइव्ह लावलेला असेल तर काढा आणि परत चालू करा. तरी तेच आलं तर बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, डिस्कचं नाव दिसतंय का बघा. दिसत नसेल तर विंडोज परत टाकायच्या भानगडीत पडू नका, डिस्क आणि तिची केबल तपासून घ्या.

प्रश्न: रोज सकाळी तारीख मागे गेलेली असते आणि एफ१ दाबायला सांगतो.

मदरबोर्डवरचा सेल संपलाय. सीआर२०३२, ३ व्होल्टचा. बदला.

प्रश्न: पंखे फिरतात, लाइट लागतात पण स्क्रीन काळीच. मित्र म्हणतो मदरबोर्ड गेला, नवीनच घे.

काहीही न तपासता मित्राने मदरबोर्ड गेला हे ठरवलं कसं? वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर मॉनिटरची केबल कार्डलाच लावलीय ना ते आधी बघा, बरेच जण ती मदरबोर्डच्या पोर्टला लावतात आणि मग डिस्प्ले येत नाही म्हणून घाबरतात. मग पॉवरची वायर काढा, बटण १५ सेकंद दाबून धरा, रॅम काढून खाच बघून टक आवाज येईपर्यंत परत बसवा, दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून बघा. डीडीआर५ (नव्या प्रकारची रॅम) वाल्या मशीनमध्ये रॅम बदलल्यावर पहिल्यांदा काही मिनिटं स्क्रीन काळी राहू शकते, तेव्हा मध्येच बंद करू नका. बीप येत असतील तर मोजून आपल्या बोर्डच्या मॅन्युअलमध्ये बघा, बीपचे अर्थ प्रत्येक बायोसचे वेगळे असतात, फॉरवर्ड होऊन आलेली यादी उपयोगाची नाही. एवढं करूनही काही झालं नाही तर जाणकाराला दाखवा. एसएमपीएस, म्हणजे पॉवर सप्लायचा डबा, मात्र घरी उघडू नका, वायर काढल्यावरही आत चार्ज राहतो.

प्रश्न: लॅपटॉपच्या हार्ड डिस्कमधून कटकट असा आवाज येतोय, विंडोज कधी येते कधी येत नाही. महिनाभर असंच चाललंय. चेकडिस्क रात्रभर लावलं तर अर्ध्यावर अडकलं. एकाने डिस्क फ्रीजरमध्ये ठेवायला सांगितलीय, दुकानात म्हणतात फॉरमॅट मारून देतो. आत मुलीचे जन्मापासूनचे फोटो आहेत, दुसरीकडे कुठेच नाहीत.

आधी लॅपटॉप बंद करा, मग पुढचं वाचा. यावर मी कितीही वेळा लिहिलंय तरी परत लिहिणार, कारण दर वेळी कोणाचे तरी फोटो जातात आणि दर वेळी ते वाचवता आले असते.

हार्ड डिस्कची तबकडी मिनिटाला ५४०० नाहीतर ७२०० वेळा फिरते आणि हेड तिच्यावरून काही नॅनोमीटर अंतर ठेवून तरंगतं, माणसाचा केस त्याच्या हजारो पट जाड असतो. कटकट आवाज येतो तेव्हा बहुतेक वेळा हेडला आपली जागा सापडत नसते, ते परत परत प्रयत्न करत असतं, आणि ते तबकडीला घासायला लागलं की ज्या थरावर फोटो लिहिलेत तोच थर खरवडला जातो. तो गेला की कुठलीच लॅब परत आणू शकत नाही. म्हणजे महिनाभर तुम्ही "बघू चालू होतो का" म्हणून जितक्या वेळा बटण दाबलंत तितक्या वेळा धोका पत्करलात.

चेकडिस्क हे विंडोजचं डिस्क तपासायचं टूल फाइल्स वाचवायला बनवलेलंच नाही. ते डिस्कवरचा हिशोब जुळवतं, त्यासाठी डिस्कवर लिहितं, जुळत नसलेले तुकडे काढूनही टाकतं, आणि तुम्ही ते मरायला टेकलेल्या डिस्कला रात्रभर पळवलंत. फ्रीजरमधून काढलेल्या थंड डिस्कवर हवेतलं बाष्प जमतं, आत ओल गेली की उरलंसुरलं पण संपलं, ही ऐकीव गोष्ट कृपा करून पुढे पाठवू नका. आणि फॉरमॅट? बिघाड यंत्रात आहे, फॉरमॅटने तो जात नाही, फक्त फोटो आणखी लांब जातात. मला राग येतो तो याचाच, की गिऱ्हाइकाला "आत काही महत्त्वाचं आहे का" एवढं पण न विचारता विंडोज टाकून मोकळे होतात.

डेटा रिकव्हरीचंच काम करणाऱ्याकडे जा आणि त्याला विचारा की आधी डिस्कची पूर्ण इमेज काढून मग त्या कॉपीवर काम करणार का. "आधी विंडोज टाकून बघू" असं म्हणाला तर डिस्क परत घेऊन या.

आवाज नसेल, डिस्क धड असेल आणि फक्त विंडोज बिघडलं असेल तर डिस्क काढून यूएसबी केसमधून दुसऱ्या मशीनला लावा, फाइल्स उतरवून घ्या, मगच दुरुस्तीला हात लावा. एसएसडी वाल्यांनी तर जास्तच जपा, ती आवाज न करता एकदम जाते, आणि फॉरमॅट झालं की ट्रिम नावाची सोय जुना डेटा खरोखरच पुसून टाकते, मग रिकव्हरी सॉफ्टवेअरच्या हाती बहुधा काहीच लागत नाही.

प्रश्न: अपडेटनंतर लोगोखाली नुसतं गोल गोल फिरतंय.

तासभर थांबा, डिस्कचा लाइट लुकलुकत असेल तर हात लावू नका. नंतर बटण दाबून धरून बंद करा, असं दोन-तीनदा चालू होताना अडलं की विंडोज आपोआप रिकव्हरीच्या निळ्या स्क्रीनवर जातं. तिथे शेवटचं अपडेट काढून टाकायचा पर्याय आहे, सेफ मोड (मोजक्याच गोष्टींसह विंडोज चालू करायचा पर्याय) पण आहे. १९ जुलै २०२४ ला एका सिक्युरिटी सॉफ्टवेअरच्या चुकीच्या अपडेटने जगभर सुमारे ८५ लाख विंडोज मशीन अशाच अडकल्या होत्या आणि त्यातल्या कितीतरी सेफ मोडमध्ये जाऊन एक फाइल काढल्यावर सुरू झाल्या, त्यांना फॉरमॅटची गरज नव्हती. ऑफिसचा लॅपटॉप असेल तर हे काहीच स्वतः करू नका, आयटीवाल्यांना कळवा.

प्रश्न: स्क्रीनवर "तुमचा कॉम्प्युटर लॉक झालाय, या नंबरवर फोन करा" असं आलंय.

फोन करू नका. विंडोजच्या खऱ्या एररमध्ये फोन नंबर नसतो. केला असेल आणि कॉम्प्युटरचा रिमोट ताबा दिला असेल तर नेट तोडा, दुसऱ्या मशीनवरून पासवर्ड बदला, बँकेला आजच कळवा. "एका क्लिकमध्ये सगळं रिपेअर" वाली सॉफ्टवेअर पण त्याच माळेची, विकत घ्यायला लावण्यासाठीच शेकडो एरर दाखवतात.

प्रश्न: बायोस अपडेट केल्यावर ४८ आकडी की मागतोय. मी तर कधी लावलीच नव्हती.

बिटलॉकर आहे, म्हणजे डिस्कवरचा डेटा कुलूपबंद करणारी विंडोजची सोय, बऱ्याच लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन केलं की ते आपोआप चालू होतं. फोनवरून त्याच अकाउंटमध्ये जा, रिकव्हरी की तिथे मिळेल. कोणी "की तोडून देतो" म्हणालं तर विश्वास ठेवू नका, ती नसेल तर डेटा उघडत नाही. तुमचा लॅपटॉप आत्ता चालू असेल तर ही की आजच कागदावर लिहून ठेवा.

प्रश्न: लॅपटॉप चालू होत नाही आणि टचपॅड वर उचलल्यासारखा वाटतो.

बॅटरी फुगलीय. चार्जर काढा, दाबू नका, टोचू नका, आजच सर्व्हिस सेंटरला न्या.