बंदूक खाली ठेवा, कान लावा

प्रश्न : नमस्कार ताई. मी ४३ वर्षांचा, बँकेत नोकरी, राहणार मिरज. ‘एलियन’ हा सिनेमा कॉलेजात असताना मित्राच्या खोलीवर पाहिला, तो अजून डोक्यातून गेलेला नाही. गेल्या महिन्यात कॅमेऱ्यासकट जुना प्लेस्टेशन ४ घेतला आणि ‘एलियन : आयसोलेशन’ खेळायला बसलो. हॉस्पिटलच्या भागात चार रात्री अडकलोय. रिव्हॉल्व्हरच्या सगळ्या गोळ्या त्या एलियनवर झाडल्या, काही उपयोग नाही. कपाटात लपलो की तो नेमका त्याच खोलीत येतो. मी कुठे आहे हे गेमला आधीच माहीत असतं, तो लबाडी करतो, असं माझं मत झालंय. खरं काय?

उत्तर : दादा, तुम्ही अडकलात ती जागा सॅन क्रिस्टोबाल. तुमच्या नायिकेची जखमी सोबतीण टेलर, तिच्यासाठी सामान आणायला तिथला डॉक्टर तुम्हाला वॉर्डांत पाठवतो आणि तिथे पहिल्यांदा एलियन तुमच्याबरोबर मोकळा फिरायला लागतो. मीही तिथेच अडकले होते, आणि कारणही तुमचंच. हातात बंदूक दिलीय म्हणजे ती चालवायची, ही सवय.

या गेममध्ये एलियन मरत नाही. रिव्हॉल्व्हरने नाही, कशानेच नाही. पुढे तुम्हाला फ्लेमथ्रोअर मिळेल. त्याच्या आगीने तो मागे हटतो, पण वारंवार वापरलात तर त्यालाही सरावतो आणि तितका घाबरेनासा होतो. तुमची नायिका अमांडा ही मूळ सिनेमातल्या एलेन रिप्लीची मुलगी. गोष्ट सिनेमानंतर १५ वर्षांनी घडते. आईच्या जहाजाचा ब्लॅक बॉक्स सापडलाय एवढ्या बातमीवर ती सेव्हस्तोपोल या अंतराळ स्टेशनवर आलेली असते. ती इंजिनिअर आहे, सैनिक नाही. हे मनात पक्कं धरलंत की हात आपोआप बंदुकीवरून निघतो.

आता लबाडीचं. लहानपणीचा लपंडाव आठवा. एकावर राज्य आहे आणि ओट्यावर बसलेली आजी त्याला सांगते, “मागच्या अंगणात बघ रे.” कुठल्या पिंपामागे, ते ती सांगत नाही. या गेममध्ये तसे दोन मेंदू, म्हणजे दोन प्रोग्रॅम आहेत. एकाला तुम्ही आणि एलियन दोघंही कुठे आहात ते सतत माहीत असतं. तो एलियनला अधूनमधून फक्त इशारा देतो, की या भागात बघ. दुसरा मेंदू एलियनचा स्वतःचा. त्याला तुमचा ठावठिकाणा कुणी देत नाही. डोळ्यांनी आणि कानांनी त्याने तुम्हाला शोधायचं. ओट्यावरची आजी, म्हणजे पहिला मेंदू, आणखी एक काम करते. एलियन तुमच्या किती जवळ आहे, त्याला तुम्ही दिसू शकता का, असं सगळं धरून तुमच्यावर किती ताण आलाय याचा ती हिशेब ठेवते आणि तो फार वाढला की एलियनला छतातल्या हवेच्या डक्टमध्ये परत पाठवते. म्हणजे तुम्ही कपाटात जीव मुठीत धरून बसलेले असता तेव्हा ती तुमच्याही बाजूने काम करत असते. याला मी लबाडी म्हणणार नाही. ठरलेल्या वाटेने येरझाऱ्या घालणारा एलियन दोन वेळा पाहिला की तिसऱ्या वेळी त्याची भीती मेली असती. शिवाय त्याच्या वागण्याचे काही भाग सुरुवातीला बंद असतात आणि खेळ पुढे सरकेल तसे उघडतात. तो शिकतोय असं वाटतं ते त्यामुळे.

मग करायचं काय? ऐकायचं. आमच्या जुन्या घराला लाकडी माळा होता. रात्री वर मांजर चाललं की आम्ही भावंडं अंथरुणात पडल्या पडल्या बोट दाखवायचो, आता न्हाणीवर आलं, आता देवघरावर. तोच कान इथे लावा. एलियन छतातून सरपटतो तो आवाज वेगळा, आणि फरशीवर जड पावलं टाकत चालतो तो वेगळा. वरचा आवाज येतोय तोवर हला. पावलं वाजायला लागली की थांबा.

एक गोष्ट मला कुणी आधी सांगायला हवी होती. छतातल्या भोकातून लाळेची तार खाली लोंबत असेल तर तो वर दबा धरून बसलाय. त्याखालून गेलात की संपलंच. मी गेले होते, हातातल्या मोशन ट्रॅकरवर नजर ठेवून. ट्रॅकरची गोम अशी, की त्याला फक्त हालचाल दिसते. दबा धरून बसलेला एलियन त्यावर उमटतच नाही. हिरवा पडदा रिकामा, म्हणून मी निर्धास्त चालले. आणखी एक बघा : ट्रॅकर डोळ्यांसमोर धरला की मागची खोली धूसर होते आणि खोलीकडे बघायला गेलात की ट्रॅकर धूसर होतो. दोन्ही एकदम स्पष्ट दिसत नाही. माणसाच्या डोळ्याचं खरंच असं असतं, आणि त्याची इतक्या घाबरलेल्या क्षणी आठवण करून देणाऱ्या, गेम बनवणाऱ्या माणसांबद्दल मला फार आदर वाटतो. तेव्हा ट्रॅकर काढा, एक नजर टाका, ठेवून द्या. त्याचा टिकटिक आवाज जवळ असलेल्या एलियनलाही ऐकू जातो.

कपाटापेक्षा मला टेबल किंवा खाट बरी वाटते, कारण खालून बाहेरचं दिसतं आणि दुसऱ्या बाजूने सटकता येतं. कपाटातच असाल आणि तो दारापाशी आला तर मागे रेला, श्वास धरा. फार वेळ धरलात तर अमांडाची तब्येत उतरते, पण जीव वाचतो. आणि धावू नका. खेळ कुठवर आला ते जतन करायला सेव्हच्या यंत्रात कार्ड घालून तीन दिवे एकामागून एक लागेपर्यंत उभं राहावं लागतं. त्या काही सेकंदांत पाठीमागे काय वाजतंय ते आधीच ऐकून ठेवा.

तुमच्याकडे कॅमेरा आलाय म्हणून एक जास्तीची सूचना. त्या कॅमेऱ्यात माइक असतो आणि सेटिंगमध्ये त्यातून आवाज टिपायची सोय आहे. ती चालू असेल तर तुमच्या खोलीतला आवाजही एलियनला ऐकू जातो. माझ्याकडे ती चालू होती. आतल्या खोलीत आईला खोकल्याची उबळ आली आणि मी टेबलाखालून ओढली गेले. सॅन क्रिस्टोबाल पार होईपर्यंत ती बंदच ठेवा.

प्रश्न : ताई, मी २१ वर्षांची, नाशिकची. हाच गेम मोबाइलवर खेळतेय. गोष्ट एवढी भविष्यातली, मग कॉम्प्युटर जुन्या टीव्हीसारखे जाडजूड का? चित्रही खरखरतं. मोबाइलवर उतरवताना क्वालिटी कमी केलीय का?

उत्तर : नाही गं, ते मुद्दाम तसं आहे. गेम २०१४ सालचा, पण त्यातलं भविष्य १९७९ सालचं, म्हणजे रिडली स्कॉटने तेव्हा पडद्यावर दाखवलं ते. टचस्क्रीन नाही, हिरवी अक्षरं, मोठी बटणं, फुगीर काच. गेम बनवला ब्रिटनच्या क्रिएटिव्ह असेंब्लीने. त्यांना सिनेमा कंपनीने मूळ निर्मितीची तीन टेराबाइट सामग्री दिली होती, आणि त्या काळी सुचली नसती अशी वस्तू घ्यायची नाही हे पथ्य त्यांनी पाळलं. तुला खरखर दिसते ना, ती मिळवायला त्यांनी पडद्यावरची चित्रं खरोखर जुन्या व्हिडिओ कॅसेटच्या व्हीएचएस टेपवर उतरवली आणि बिघडवून परत घेतली. कॉम्प्युटरवर खोटी खरखर काढणं किती सोपं होतं! पण टेपची खरखर पाहत मोठी झालेली माझ्यासारखी माणसं तो फरक ओळखतात.

मोबाइलची आवृत्ती २०२१ च्या डिसेंबरात आली आणि ती उत्तम उतरली आहे. फक्त स्पीकरवर खेळू नकोस. चांगले हेडफोन लाव, जमलं तर कंट्रोलर जोड. वरच्या दादांना लिहिलंय ते सगळं हेडफोनशिवाय फुकट जाईल.

प्रश्न : माझा मुलगा १२ वर्षांचा आहे. मोठ्या चुलतभावाकडे हा गेम पाहून आला आणि सारखा मागतोय. द्यावा का?

उत्तर : नको, वहिनी. युरोपात याला १८ वर्षांवरचा शिक्का आहे आणि तो योग्य आहे. रक्तापेक्षा इथे ताण जास्त आहे; एकेक तास दबून बसायचं, ते बारा वर्षांच्या पोराच्या झोपेत शिरतं. चुलतभावालाही सांगा, की हा घरात असताना लावू नकोस. मुलाला राग येईल, येऊ द्या. आणि त्याला नेमकं काय आवडलं ते विचारून मला कळवा. स्टेशन आवडलं, जहाज आवडलं की लपणं आवडलं, त्यावरून त्याच्या वयाचा दुसरा गेम मी पुढच्या अंकात सुचवते.